पावसाळ्यात अंग धुता किती यापेक्षा पुसता कसं हे महत्त्वाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाऊस सुरू झाल्यापासून अंग सतत चिकट राहतं, म्हणून दिवसातून तीन वेळा जंतुनाशक साबणाने अंघोळ करता आणि वर पावडर लावता. तरी पाठीवर घामोळं आहे, पायाच्या बोटांत खाज सुटते आणि जांघेत एक गोल चट्टा उठला आहे. हातपाय मात्र कोरडे पडून खाजतात. हवेत एवढा दमटपणा असताना त्वचा कोरडी कशी पडते आणि मॉइश्चरायझर लावायचं की नाही, हे तुम्हाला कळत नाहीये.

पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्यांच्या तक्रारी बहुतांशी याच असतात आणि घरी करून पाहिलेले उपायही हेच असतात. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

सगळ्यात आधी साबणाच्या अंघोळी तीनवरून एकीवर आणा. घामाने फारच नकोसं झालं तर दुसऱ्यांदा नुसत्या पाण्याने अंग धुवा. साबण कमी केला तर अंगाला वास येईल, बुरशी वाढेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण या दिवसांत त्वचेचं नुकसान मळापेक्षा ओलीने जास्त होतं. तीन वेळा अंघोळ करणारा माणूस अंग तीन वेळा ओलं करतो, आणि घाईत असला की तिन्ही वेळा अर्धवट पुसलेल्या अंगावर कपडे चढवतो. वरून पावडर टाकली की ती ओल शोषून घड्यांमध्ये गोळे होऊन बसते आणि तिथेच घासत राहते.

आता त्वचा कोरडी का पडते ते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. अंगाच्या बहुतेक भागावर तो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्श्याएवढा जाड असतो. या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात आणि शरीरातलं पाणी आत धरून ठेवण्याचं काम तेच करतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १० असतो, म्हणजे ती आम्लाच्या उलट, अल्कधर्मी असते. साबण लावला की मळाबरोबर हे स्निग्ध पदार्थही निघून जातात आणि पृष्ठभागाची आम्लता पूर्ववत व्हायला काही तास लागतात. तोवर तुमची पुढची अंघोळ आलेली असते. दमट हवेत त्वचेतलं पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो हे खरं, पण धुऊन गेलेली स्निग्धता हवेतून परत मिळत नाही. म्हणून बाहेर पाऊस कोसळत असतानाही नडग्या पांढुरक्या दिसतात आणि खाजतात.

घड्यांमध्ये याच्या बरोबर उलट घडतं. काख, जांघ, स्तनांखालची जागा, पोटाची घडी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या इथे त्वचेला त्वचा चिकटलेली असते आणि वारा लागत नाही. तिथला वरचा थर पाणी पिऊन फुगतो, पेशींची आपसातली पकड सुटते आणि चालताना होणाऱ्या घर्षणाने तो सोलला जातो. बुरशी आणि जिवाणू तिथूनच आत शिरतात. म्हणजे एकाच अंगावर एकाच दिवशी दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि त्यांना एकच उपाय चालत नाही. नडग्यांना जे हवं ते जांघेला नको असतं.

घामोळ्याचं कारणही ओलच. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. हवेत आधीच भरपूर वाफ असली की घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि अंग गार होत नाही म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. सतत भिजून फुगलेल्या पेशी घामाच्या नळीचं तोंड बंद करतात. घाम बाहेर येण्याऐवजी त्वचेच्या आतच झिरपतो आणि टोचणारं, लालसर बारीक पुरळ उठतं. त्यावर तेल, दाट क्रीम किंवा पावडरचा थर दिला तर बंद तोंड आणखी बंद होतं. घामोळ्याचा खरा उपाय गारवा हा आहे: रोज काही तास पंख्याखाली किंवा थंड खोलीत, सैल सुती कपड्यांत राहणं. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशनचा पातळ हात द्या. नवा घाम अडकायचा थांबला की साधं घामोळं काही दिवसांत ओसरतं. पुरळात पू दिसू लागला, दुखू लागलं किंवा ताप आला तर मात्र ते नुसतं घामोळं राहिलेलं नाही, असं समजून डॉक्टरांना दाखवा.

अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरका. पाणी गार किंवा कोमट असावं. पावसात गारठून आल्यावर कढत पाणी बरं वाटतं, पण खाज वाढवायला ते पुरेसं आहे. साबण काखा, जांघा, पार्श्वभाग आणि पावलं एवढ्यालाच लावा, बाकीच्या अंगाला पाणी पुरतं. शक्य झालं तर वडीऐवजी ‘साबणविरहित’ किंवा ‘पीएच संतुलित’ असं लिहिलेला सौम्य क्लिन्झर घ्या. जंतुनाशक साबण बंदच करा. निरोगी त्वचेला त्याचा वेगळा फायदा होत नाही. बादलीत जंतुनाशक द्रव ओतण्याची सवय तर अजिबात नको. जास्त झालेल्या द्रवाने जांघेची आणि काखेची त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि ते पाहून माणूस जंतुसंसर्ग समजून आणखी द्रव ओततो. खरखरीत घासणी आणि अंगाचा स्क्रबही हे महिने बाजूला ठेवा.

आता पुसण्याविषयी. मी सर्वांत जास्त वेळ यावरच बोलतो, कारण एवढं एक सुधारलं तरी निम्म्या तक्रारी औषधाशिवाय कमी होतात. टॉवेल घासू नका, अंगावर दाबून पाणी टिपा. कानांच्या मागे, मानेच्या घड्या, काखा, स्तनांखाली, बेंबी, पोटाखालची घडी, जांघा, नितंबांच्या मधे या क्रमाने वरून खाली या आणि पावलं शेवटी पुसा, तीही वेगळ्या कापडाने. पायाला बुरशी असेल तर तोच टॉवेल नंतर जांघेला लागता कामा नये. त्याच कारणासाठी पायमोजे घालायचे असतील तर ते आतल्या कपड्यांच्या आधी घाला. चड्डी पावलांवरून वर चढवताना बुरशी बोटांतून जांघेत नेमकी याच वाटेने पोहोचते. पुसून झाल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच पंख्यासमोर उभं राहा. वजन जास्त असलेल्यांनी घड्यांना हेअर ड्रायरची गार हवा द्यावी, गरम नको. तेवढा वेळ सकाळी मिळत नसेल तर अंघोळ रात्री करा, पण ओल्या घड्यांवर कपडे चढवू नका.

टॉवेल रोज वाळलेला हवा. दमट खोलीत दोरीवर दिवसभर लटकूनही ओलसर राहिलेला टॉवेल कोरडा धरू नका. मोठ्या जाड टॉवेलपेक्षा पातळ सुती कापडं लवकर वाळतात, म्हणून मी तीच सुचवतो. कपड्यांचंही तसंच. ऊन नसेल तेव्हा आतले कपडे आणि मोजे इस्त्री फिरवून पूर्ण वाळवा, शिवणीच्या आणि इलॅस्टिकच्या जागी विशेष, कारण ओल तिथे सर्वांत उशिरापर्यंत टिकते. घट्ट जीन्स या दिवसांत जांघेच्या बुरशीला पोसते. सुती कपडा सैल असेल तोवर उत्तम, पण भिजला की तो पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पावसात भिजायचंच असेल तर पटकन वाळणारा, सैल, घाम बाहेर टाकणारा कपडा बरा आणि बरोबर एक कोरडा जोड ठेवलेला त्याहून बरा. भिजलेले मोजे घालून दिवस काढू नका. बूट ओले असतील तर त्यांना पूर्ण एक दिवस विश्रांती द्या आणि आलटून पालटून दोन जोड वापरा. घरात शक्य तितकं अनवाणी किंवा उघड्या चपलेत राहा.

पायाच्या बोटांतल्या तुमच्या खाजेला आपण चिखल्या म्हणतो. चांगल्या उजेडात बसून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांपासून हलकेच दूर करा. ही बेचकी सर्वांत अरुंद असते, म्हणून त्रासाची सुरुवात बहुधा इथेच होते. तिथली त्वचा पांढरीफटक, पाण्यात भिजत राहिलेल्या कागदासारखी मऊ आणि सुटत आलेली दिसेल. ती सरकली तर खाली लालबुंद, चुरचुरणारी रेघ असेल. ती सुटलेली त्वचा सोलू नका. पाय धुऊन प्रत्येक बेचकीत कापडाचं टोक घालून पुसा आणि टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचं बुरशीनाशक क्रीम अगदी पातळ लावा. टर्बिनाफिन साधारण आठवडा ते दोन आठवडे, क्लोट्रिमाझोल चार आठवडे. दिवसा बेचक्यांत सुती कापडाची छोटी घडी किंवा कापूस ठेवला तर तिथे वारा खेळतो. घाण वास, हिरवट स्राव किंवा पू दिसला तर बुरशीबरोबर जिवाणूही आहेत आणि नुसत्या बुरशीच्या क्रीमने भागणार नाही.

चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नका असं मी कळकळीने सांगतो. अख्खा पाय लाल होऊन सुजतो, ताप भरतो आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, अशा सेल्युलायटिसच्या अनेक रुग्णांत जिवाणूंना आत शिरायला मिळालेली वाट म्हणजे बोटांमधली हीच भेग असते. मधुमेह असलेल्यांनी, पायात पूर्वी सूज असलेल्यांनी आणि पायाची संवेदना कमी झालेल्यांनी पावसाळाभर रोज रात्री बेचक्या पाहिल्या पाहिजेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांकडून तपासून घ्याव्यात.

साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर मी वर सांगितलेली साबणाची काटकसर विसरा. घरी आल्या आल्या पाय साबणाने स्वच्छ धुवा आणि कोरडे करा. प्राण्यांच्या लघवीतून अशा पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जिवाणू जखमेतून आणि भिजून मऊ पडलेल्या त्वचेतूनही आत जातात. त्यानंतरच्या महिन्याभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना असं काही झालं तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता जांघेतला चट्टा. गोल किंवा अर्धगोल, कड किंचित उंच, लाल, खपली धरलेली आणि मधला भाग तुलनेने स्वच्छ असं असेल तर तो बहुधा नायटा, म्हणजे गजकर्ण. ही बुरशी त्वचेतलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते आणि मधून बाहेरच्या दिशेने सरकत जाते. म्हणून कड सर्वांत जिवंत असते आणि औषध नेमकं तिथे पोहोचायला हवं. लोक मधोमध बोट टेकवून थांबतात. क्रीम कडेच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटर निरोगी दिसणाऱ्या त्वचेपर्यंत लावायचं, बाहेरून आत आणायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. एकूण दोन ते चार आठवडे धरून चाला. खाज थांबली त्या दिवशी नळी बाजूला ठेवली, तर काही दिवसांत चट्टा त्याच जागी पुन्हा उठतो.

जांघेतल्या प्रत्येक लाल डागाला नायटा समजू नका. पुरुषांत वृषणाची त्वचाही लाल, ओलसर झाली असेल आणि मुख्य चट्ट्याभोवती छोटे सुटे फोड असतील तर कँडिडा नावाच्या वेगळ्या बुरशीची शक्यता जास्त. तो त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. तपकिरी, गुळगुळीत, फारसा न खाजणारा डाग जिवाणूंमुळेही येतो.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. खाज, बुरशी, जंतू या सगळ्यांवर एकच म्हणून मिळणारं मिश्र क्रीम आणू नका. घरात असलेल्या नळीवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज जाते आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात उतरलेली असते ती शरीराची प्रतिकाराची प्रतिक्रिया. बुरशीला आता अडवणारं कोणी नसतं. चट्टा पसरतो, त्याची ओळखीची कड पुसली जाते आणि डॉक्टरांनाही तो पटकन ओळखू येत नाही. अशा वेषांतर केलेल्या नायट्याचं वर्णन वैद्यकात १९६८ सालीच झालेलं आहे. महिनोन्महिने हे क्रीम जांघेत लावणाऱ्यांच्या मांड्यांवर रुंद, खोल, जांभळट रेषा पडतात. बुरशी उपचाराने जाते, पण त्या रेषा आयुष्यभर राहतात. तरुण मुलामुलींच्या मांड्यांवर त्या पाहताना फार वाईट वाटतं, कारण हे पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं. तुम्ही आधीच असं क्रीम वापरत असाल तर ते सोडल्यावर खाज काही दिवस उसळेल. तेव्हा घाबरून पुन्हा त्याच्याकडे वळू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. इसबासारख्या आजारांत स्टिरॉइड उपयोगी औषध आहे. माझा विरोध ते बुरशीवर आणि मनाने लावण्याला आहे.

गेल्या काही वर्षांत नायटा पूर्वीपेक्षा चिवट झाला आहे, हेही लक्षात घ्या. २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालेली बुरशी टर्बिनाफिनला अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे योग्य क्रीम नियमाने लावूनही दोन आठवड्यांत फरक नसेल, तर औषधाची मात्रा मनाने वाढवू नका. मित्राच्या चिठ्ठीवरच्या गोळ्याही नकोत. पोटात घ्यायची इट्राकोनाझोलसारखी औषधं इतर अनेक औषधांशी विरोध करतात आणि यकृत किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना ती जपून द्यावी लागतात. घरात आणखी कोणाला खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. टॉवेल, चादर, कपडे कोणीही वाटून घेऊ नयेत. चट्टे असलेल्या माणसाचे कपडे वेगळे, शक्यतो ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत, कारण कोमट पाण्यात बुरशीचे कण तग धरतात. रात्री सगळ्या घरालाच खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक फोड असतील तर ती खरूज असू शकते आणि तिचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण या हवेत छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके येऊन पसरतात, ती शिबं. त्यांना जबाबदार मॅलॅसेझिया ही बुरशी प्रत्येकाच्या त्वचेवर असतेच, तेल आणि घाम मिळाला की माजते. शिबं संसर्गाने लागत नाहीत आणि अस्वच्छतेचं लक्षण नाहीत. कीटोकोनाझोल २ टक्क्यांचा शाम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुणं, असं सलग काही दिवस केलं तर बहुतेकांना पुरतं. बुरशी गेल्यावरही फिकट डागांत रंग भरायला काही महिने लागतात. ठिपक्यावर नखाने हलकेच ओढून भुसा निघत नसेल तर औषध पुन्हा पुन्हा लावण्याची गरज नाही.

मॉइश्चरायझरचं उत्तर आता सोपं आहे. हात, पाय आणि खाजणाऱ्या नडग्यांना लावा. घड्यांना आणि घामोळ्याच्या जागी लावू नका. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं पातळ लोशन निवडा आणि अंघोळीनंतर हातपाय जरासे दमट असतानाच पातळ पसरा. टाचांना भेगा असतील तर १० टक्के युरियाचं क्रीम रात्री, पण बोटांच्या बेचक्या सोडून. काखेत घाम फार येत असेल तर पावडरपेक्षा ॲल्युमिनियम क्लोराइडचं घामरोधक रात्री, पूर्ण कोरड्या काखेत लावलेलं जास्त काम करतं. केस काढलेल्या दिवशी ते टाळा. पावडर लावायचीच असेल तर कोरड्या त्वचेवर अगदी भुरभुर, आणि तान्ह्या बाळाला अजिबात नको, कारण तिचे कण श्वासातून त्याच्या फुप्फुसात जातात. पातळ ढगांतून अतिनील किरण भरपूर झिरपतात, म्हणून दिवसा बाहेर असलात तर मान आणि हातांवर सनस्क्रीन चालू ठेवा.

तुम्ही स्वतः आजपासून काय करायचं ते सांगतो. पावडर आणि जंतुनाशक साबण बंद करा, चिखल्यांना क्रीम सुरू करा आणि घामोळ्याला वारा द्या. जांघेच्या चट्ट्याला मात्र आत्ता काहीच लावू नका, आधी तो दाखवून घ्या. डॉक्टर त्याच्या कडेवरची खपली पात्याने हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ती तपासणी दुखत नाही, पण आधीच क्रीम लावलेलं असेल तर बुरशी असूनही दिसत नाही. आजवर तिथे जे जे लावलंत त्या सगळ्या नळ्या, अगदी संपलेल्यासुद्धा, बरोबर घेऊन जा.